उणे पस्तिसातले बावतीसकाका

बावतीसकाका थंडी नाकाने मोजत. फोनवरच्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "फोन खिशात उबेला बसलेला असतो, त्याला काय कळतंय थंडीतलं?" असं ते म्हणत. सकाळी बिल्डिंगच्या मागच्या दाराने पार्किंगमध्ये पाऊल टाकायचं आणि एक लांब श्वास ओढायचा. नाकातले केस कडक झाले तर उणे वीस. आत गेलेल्या हवेने ठसका लागला तर उणे तीस. आणि डोळे मिटल्यावर पापण्या एकमेकींना चिकटायला लागल्या, तर उणे पस्तिसाच्या खाली; मग बोलणं बंद, काम सुरू. मी सलग चार हिवाळे त्यांचं नाक फोनशी ताडून पाहिलं. दोन-तीन डिग्रीपलीकडे फरक कधी पडला नाही, आणि पडला तेव्हा काकांनी फोनलाच नापास केलं.

विनिपेगमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहत, आम्ही तिसऱ्या. मूळचे वसईचे. तिथल्या बस डेपोत सत्तावीस वर्षं मिस्त्री. मुलाने स्पॉन्सर करून इकडे आणलं तेव्हा पंचावन्न ओलांडली होती. त्या वयात माणसं रिटायरमेंटचा हिशोब करतात. काकांनी स्कूल बस चालवायचं लायसन्स काढलं. पुढे मुलगा नोकरीसाठी सरेला गेला, पण काका आणि फिलोमिनाकाकू इथेच राहिले. मुलगा दर रविवारी फोनवर म्हणायचा, "डॅडी, कम हिअर. इथे बेसमेंट रिकामं आहे, विंटर माइल्ड आहे, गाडी कधी पण स्टार्ट होते." काका फोन खाली ठेवून म्हणायचे, "जिथे गाडी कधी पण स्टार्ट होते तिथे मी जाऊन काय करू?"

अंगाने ते अगदी किडकिडीत. जाड पार्का घातला की आत माणूस आहे की नाही अशी शंका यायची. डोक्याला काकूंनी विणलेली माकडटोपी, तिच्यातून बाहेर आलेलं ते सुप्रसिद्ध नाक, आणि खांद्यावर बॅटरीला जोडायच्या केबलचं वेटोळं. ही केबल त्यांनी स्वतः बनवलेली, मनगटाएवढी जाड. दुकानातल्या केबलला ते 'शेवया' म्हणत.

आमची ओळख आमच्या फजितीतून झाली. २०१६ चा जानेवारी. आम्ही नागपूरचे. सेहेचाळीस डिग्रीत कसं जगायचं हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण हाच आकडा पुढे वजाचं चिन्ह लावून आला तर काय करायचं, याचं शिक्षण शून्य. आदल्या दिवशी आम्ही आमची पहिली गाडी घेतली होती. आमच्याआधी दोघांनी वापरलेली, पण आमच्यासाठी नवीच. ती रात्रभर पार्किंगमध्ये उभी राहिली आणि शनिवारी सकाळी मुहूर्त पाहून आम्ही पूजेला उतरलो. बाहेर उणे तेहेतीस. माझ्या हातात ताम्हन, माझा नवरा मिलिंद याच्या हातात नारळ. निरांजनातलं तूप दोन मिनिटांत थिजलं आणि वात विझली. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायला घेतलं, तर पहिल्या दोन रेघा काढतानाच ते गोठलं. मार्चपर्यंत आमच्या गाडीवर ते अर्धं स्वस्तिक होतं. रात्रभर गाडीतच राहिलेला नारळ आपटला तर आतून बर्फाचा गोळा निघाला. तरी आम्ही नेटाने सगळं केलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मिलिंदने किल्ली फिरवली.

गाडी नुसती टिकटिकली आणि गप्प बसली.

मागच्या दाराशी एक माकडटोपी चहाचा मग धरून उभी होती. पूजा संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नव्हते. परक्याच्या देवाधर्मात मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. आता मग खाली ठेवून ते पुढे आले. आमच्या पूजेतल्या बोलण्यावरून त्यांनी आमची भाषा ओळखलीच होती.

"झाली पूजा? छान झाली. आता बाय, मला एक सांग. गाडी रात्री प्लग-इन केली होतीस का?"

"म्हणजे काय करायचं होतं?"

त्यांनी वाकून गाडीच्या जाळीतून एक काळी वायर ओढून बाहेर काढली. तिला तीन टोकांचा प्लग होता. इंजिनाच्या पोटात एक छोटा हीटर असतो, आणि पार्किंगमध्ये गाडीसमोर जो खांब आहे त्यातल्या सॉकेटमध्ये ही वायर रात्रभर लावून ठेवायची, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही त्या खांबांना इतके दिवस दिवाबत्तीचे खांब समजत होतो. "देव आहेच गो," काका म्हणाले, "पण त्याला थोडी वीज लागते."

त्यांनी आपली गाडी शेजारी आणून केबलने आमच्या बॅटरीला बूस्ट दिला, आमची गाडी खोकत खोकत सुरू झाली, आणि मिलिंदने ती पुढे घेतली. चाकाखालचं लिंबू एव्हाना दगड झालं होतं. ते फुटायच्या ऐवजी चाकाखालून सटकन उडालं आणि थेट काकांच्या नडगीवर बसलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका एका पायावर उभं राहून हसत होते. "नजर कोणाची होती ते कळलं!" ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून आम्ही त्यांचे झालो.

काकांची शिकवणी त्याच आठवड्यात सुरू झाली. त्यांचा पहिला धडा ऐकायचा होता. "आधी बॉनेट उघडायचं नाही. आधी ऐकायचं. ढेकर दिल्यासारखं जड घरघर घरघर केलं, तर ऑइल थिजलंय, थांब, धीर धर. टिकटिक टिकटिक केलं, तर बॅटरी दमलीय, बूस्ट दे. आणि काहीच आवाज नाही, तर कुठेतरी केबल सुटलीय, पाना आण." हे तीन आवाज ते तोंडाने काढून दाखवत, आणि मलाही काढायला लावत. पार्किंगमध्ये उणे तिसात मी टिकटिक टिकटिक करते आहे आणि काका मान हलवून "अजून जरा बारीक" म्हणताहेत, हे दृश्य वरच्या मजल्यावरच्या लोकांनी खिडकीतून पाहिलेलं आहे. त्यांनी काय समज करून घेतला कोण जाणे.

दुसरा धडा असा की गाडीला शिव्या घालायच्या नाहीत. "ती पण झोपेतून उठते. तुला कोणी उठल्या उठल्या शिव्या दिल्या तर तू चहा करशील?"

त्यांच्या स्वतःच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट मला काकूंनी सांगितली, काका समोर बसून बटाटे सोलत असताना. बॅटरी थंडीने मरते हे कळल्यावर या गृहस्थांनी ती रोज संध्याकाळी गाडीतून सोडवून घरात आणायला सुरुवात केली. बरं, आणली तर दाराशी ठेवावी. नाही. पलंगाशेजारी, गोधडीत गुंडाळून. "माझ्या आईने दिलेली गोधडी!" काकू म्हणाल्या. "तिला ॲसिडचं एवढं भोक. मी आजारी पडले तेव्हा या माणसाने मला कधी गोधडी घातली नाय, पण बॅटरीला घातली."

"तू कधी डाउन झालीच नाहीस," काका बटाट्यावरची नजर न काढता म्हणाले. काकू हसल्या, आणि मग आपण हसलो म्हणून चिडल्या.

पण काकांचा खरा संसार होता तो त्यांच्या बसशी. एका रविवारी चर्चमधून आल्यावर ते मला आणि काकूंना बसच्या यार्डात घेऊन गेले. नाताळची सुट्टी चालू होती, शाळा बंद, बस सुरू करायची काही गरज नव्हती. तरी काका एक दिवसाआड येऊन तिला सुरू करून जात. लांबच लांब ओळीत पिवळ्या बस उभ्या, प्रत्येकीच्या तोंडातून वायर लोंबलेली. काकांनी आपल्या बसभोवती एक चक्कर मारली, टायर बुटाने ठोकले, आणि मग सीटवर बसून किल्ली अर्धीच फिरवली. डिझेल इंजिन, आधी आतली तार तापायला वेळ द्यावा लागतो. डॅशबोर्डवर एक दिवा लागतो आणि तो विझेपर्यंत थांबायचं असतं. काका दिव्याकडे बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

"'हे आमच्या बापा' म्हणतात," काकू माझ्या कानात म्हणाल्या. "प्रार्थना संपते तेव्हा दिवा विझतो. पहिल्या झटक्याला नाय लागली तर मध्ये एक 'नमो मरिया'. तेवढा आराम स्टार्टरला पुरतो."

आमेन आणि दिवा विझणं एकदमच झालं. बस थरथरली आणि सुरू झाली. उतरल्यावर काकांनी मला विचारलं, "तुम्ही लोक काय म्हणता?" मी म्हटलं, शुभंकरोति. त्यांनी मला तिथेच ती म्हणायला लावली, घड्याळ लावून. मग गंभीरपणे म्हणाले, "जरा छोटी पडते. दोनदा म्हण."

मी अजून दोनदा म्हणते. माझी गाडी पेट्रोलची आहे, तिला त्याची काही गरज नाही.

इतक्या हिवाळ्यांत काकांची बस एकदाही उशिरा गेली नव्हती, याचा त्यांना अभिमान होता. उशीर म्हणजे काय, हे ते फार साधेपणाने सांगत. "बाय, माझा उशीर म्हणजे रस्त्याच्या कडेला सहा वर्षांचं पोर उणे तिसात उभं. बस."

२०१९ च्या जानेवारीत एका सकाळी माझी गाडी सुरू होईना. त्या दिवशी थंडी इतकी होती की स्कूल बस रद्द झाल्या होत्या, म्हणून काका घरी होते. ते लगेच खाली आले, बॉनेट उघडलं, म्हणाले, "मार." मी किल्ली फिरवली. टिकटिक टिकटिक. अगदी स्पष्ट, पुस्तकातल्यासारखी. मला वाटलं, आता ते केबल आणायला जातील.

"परत मार." टिकटिक टिकटिक.

"काहीच आवाज नाही. केबल सुटलीय," काका म्हणाले. त्यांनी हातमोजे काढले, पाना घेतला आणि उघड्या बोटांनी बॅटरीची कनेक्शन सोडवायला लागले. पापण्या चिकटवणारी थंडी. बोटांची टोकं पांढरी पडत चालली होती. ज्यांनी मला हा आवाज शिकवला त्यांना मी तो कसा सांगणार? शेवटी बोटांकडे बघवेना.

"काका, टिकटिक होतेय हो."

ते थांबले. कान बॅटरीजवळ नेला. "मार." मी किल्ली फिरवली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "होतेय?"

"हौ, होतेय."

त्यांनी कनेक्शन पुन्हा घट्ट केलं, बूस्ट दिला, गाडी सुरू झाली, आणि ते केबल गुंडाळून आत गेले. ऑफिसात दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. आपण तोंड मिटून बसायला हवं होतं असं वाटत राहिलं, आणि मग ती बोटं आठवत राहिली.

संध्याकाळी काकू वर आल्या. त्यांना सगळं माहीत होतं, वर्षभरापासून. टीव्ही शेजारच्यांना ऐकू जाईल इतका मोठा. फोन आला तर "तूच बोल". मागून हाक मारली तर ओ नाही. इंजिनाची मोठी घरघर काकांना बरोबर ऐकू यायची. बारीक आवाज गेले होते. "पुढच्या महिन्यात त्यांची मेडिकल आहे," काकू म्हणाल्या. "कान चेक करतात. कानाला मशीन लाव म्हणून मी सांगून थकले. ऐकत नाय. लायसन्स गेलं तर सरे. बेसमेंट." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मला काय, नातवंडं मिळतील. पण हा माणूस तिथे खिडकीत बसून बसून संपेल गो. तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतात."

मी बोलले. मला वाटलं होतं की माझ्याकडे बिनतोड मुद्दा आहे. म्हटलं, काका, तुम्ही गाडीला हीटर लावता, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावता, बॅटरीला गोधडी घालता, त्यात गाडीचा कमीपणा मानता का? मग कानाला एक मशीन लावलं तर काय बिघडलं?

"मी गाडी नाही," काका म्हणाले. "मिस्त्री कानावर जगतो. मशीन लावलं की ते मशीन ऐकणार. मी नाही." आणि ते उठून आत गेले. पुढचे पाच दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. सकाळी माझ्या गाडीची वायर मात्र नीट लावलेली आहे की नाही हे ते रोज बघून जात, हे मला वरून दिसायचं.

सहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच दार वाजवलं. पार्का अंगात, टोपी हातात. चहा नको म्हणाले. मग उभ्या उभ्या सांगायला लागले.

त्यांच्या रूटवर रेल्वेचं एक फाटक होतं. स्कूल बसने प्रत्येक फाटकाआधी थांबायचं असतं, थंडी असो नसो. दार उघडायचं, खिडकी उघडायची, मुलांना गप्प करायचं, आणि गाडी येतेय का हे कान देऊन ऐकायचं. मग पुढे जायचं. काका हे इमानेइतबारे करत आले होते.

"आज थांबलो," ते म्हणाले. "दार उघडलं. मुलं गप्प. आणि मी बघतोय कुठे? रुळाकडे नाही. आरशात. मुलांच्या तोंडाकडे. त्यांना काही ऐकू येतंय का ते बघतोय." टोपी हातात फिरवत ते पुढे म्हणाले, "मग मला कळलं की हे मी आज नाही, बरेच दिवस करतोय. पस्तीस पोरं माझ्या भरवशावर बसलीयत आणि मी त्यांच्या कानांवर बस चालवतोय."

"गाडी आली होती का हो?"

"नाही गो. काहीच झालं नाही. पण काही झाल्यावर थांबायचं असतं का?"

मेडिकलची वाट न पाहता, आमच्याकडे येण्याआधीच त्यांनी यार्डात जाऊन सांगितलं होतं, मला ऐकू कमी येतंय, मला रूटवरून काढा. बसची किल्ली तिथेच देऊन ते परत आले होते. कान तपासून, मशीन लावून, परीक्षा पास झाले तर परत. नाही तर नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी नमस्कारच करणार होते. पण काका म्हणाले, "आता चहा दे."

पुढचे साडेतीन आठवडे काका घरी होते. कोणी दुसराच ड्रायव्हर त्यांची बस चालवत होता. पहाटे उठायची सवय जाईना, म्हणून ते बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या गाड्यांच्या काचा खरवडत. काहींनी सोसायटीकडे तक्रार केली की कोणीतरी अनोळखी माणूस आमच्या गाड्यांना हात लावतोय. मुलाचा फोन रोज यायला लागला. काकूंनी हळूच दोन बॅगा बाहेर काढून ठेवल्या, आणि काकांनी त्या न बघितल्यासारखं केलं. कानात मशीन बसलं त्या दिवशी ते घरी आले आणि म्हणाले, "फिलू, आपला फ्रिज केवढा ओरडतो गं! बेअरिंग गेलंय त्याचं." काकू म्हणाल्या की तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं, होईल सगळं ठीक.

परीक्षा पास झाले. मशीन लावूनच चालवायचं, या अटीवर लायसन्स राहिलं. मार्चच्या सुरुवातीला ते परत रूटवर गेले. माकडटोपी मशीनला घासते आणि मशीन शिट्टी मारतं, म्हणून काकूंनी कानांशी सैल अशी नवी टोपी विणली. बॅगा परत पलंगाखाली गेल्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी जिन्यात त्यांना गाठलं. "कशी झाली ट्रिप?" वाटलं होतं, इंजिनाबद्दल काहीतरी सांगतील. ते पायरीवर बसले.

"बाय, एक पोरगी आहे. पहिलीतली. जांभळा स्नोसूट. गेल्या वर्षापासून येते. तिच्या स्टॉपवर सगळ्यात शेवटी उतरते. मला वाटायचं फार लाजाळू आहे, बोलतच नाही. आज उतरताना वळली, आणि म्हणाली, 'थँक यू, मिस्टर बी. सी यू टुमॉरो, ओके?'" काकांनी मान हलवली. "मी म्हटलं, ओके. ती अशी दचकली. ती गेल्यावर मागच्या सीटवरचा एक मोठा मुलगा मला म्हणाला, ती रोजच म्हणते. रोज विचारत होती गो, 'ओके?' म्हणून. दीड वर्ष. आणि मी रोज दार बंद करत होतो."

काका डोळे पुसून हसले. "पोरगी चिवट आहे. उत्तर नाही मिळालं तरी रोज विचारत राहिली."

त्या महिनाअखेरीस आम्ही विनिपेग सोडलं. मला व्हिटबीला नोकरी मिळाली होती. निरोप आदल्या दिवशीच झाला होता. काकूंनी मैद्याचे गोल फुगे तळून डबा दिला होता आणि काकांनी एक केबल, मनगटाएवढी जाड, तिकडच्या सौम्य थंडीला अपमान वाटेल अशी. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लॅटची किल्ली परत करायला जाताना माझ्यासमोर एक स्कूल बस थांबली. लाल दिवे लुकलुकायला लागले, 'स्टॉप'ची पाटी बाहेर आली, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. नंबर बघायची गरज नव्हती.

जांभळा स्नोसूट पायऱ्या उतरला आणि खाली उभा राहून वर बघत काहीतरी सांगायला लागला. छोटं वाक्य नव्हतं ते. हात पसरून, कपाळाला हात लावून, सविस्तर चाललं होतं. काका सीटवरून दाराकडे वाकले होते, मान एका बाजूला करून. दार सताड उघडं, आतली सगळी ऊब बाहेर चाललेली, आणि माझ्या मागे गाड्यांची रांग वाढत होती. शेवटी कोणीतरी हॉर्न दिला.

तो त्यांना ऐकू गेला. त्यांनी मागे न बघता एक हात वर केला, थांबा जरा असा, आणि तिचं सांगून होईपर्यंत दार उघडंच ठेवलं.